जळवांचे पारणे

सोमवारी वहिनींनी जळवांना जेवू घातले. मंगळवारी विद्यापीठाची कमिटी आली. बुधवारी हेरवाडकर सरांच्या खोलीचे कुलूप बदलले.

सरांना जाऊन आता वर्ष होत आले. ते गेले तेव्हा कॉलेजच्या वार्षिक अंकासाठी मी त्यांच्यावर एक पान लिहून दिले होते. जन्म, शिक्षण, अध्यापन, स्वभाव मनमिळाऊ. अंक छापून आल्यावर वाचले तेव्हा लक्षात आले, की त्या पानात जळू हा शब्दच कुठे नाही. सरांवरचा मजकूर आणि त्यात जळू नाही, म्हणजे ते पान दुसऱ्याच कोणावर तरी होते. म्हणून पुन्हा लिहायला बसलो आहे.

हेरवाडकर सर आमच्या कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवत. मी संस्कृत शिकवतो. कोल्हापूरच्या मंगळवार पेठेतल्या एका बोळात आमची घरे समोरासमोर होती. ते माझ्याहून दहा-बारा वर्षांनी मोठे, पण मला अहो म्हणत. मी शास्त्री नाही, बुवा तर नाहीच, तरी त्यांनी मला पहिल्या भेटीत शास्त्रीबुवा केले आणि शेवटपर्यंत तसेच ठेवले. त्यांच्या अंगाला रॉकेलच्या काजळीचा वास यायचा. नखे काळी असत आणि नाकावर काजळीचे एक बोट हमखास असे. मुले ते बोट पाहून ओळखायची. बोट नाकाच्या शेंड्यावर असले तर प्रयोग जमला, कपाळावर असले तर फसला. टोपी ते मुद्दाम काळी घालत.

संस्थान विलीन झाले त्या सुमारास कॉलेजला दरबारच्या काही जुन्या खोल्या मिळाल्या. त्यांतली एक सरांनी मागून घेतली. पूर्वी तिथे घोड्यांची खोगिरे ठेवत. पावसाळ्यात भिंतींना चामड्याचा वास सुटे. दुसऱ्या कोणाला ती खोली नकोच होती. सरांना मात्र ती फार आवडली, कारण ती थंड होती आणि जळवांना थंडावा लागतो.

त्या खोलीत ते काय करत हे सांगितले पाहिजे, नाहीतर पुढचे काही कळणार नाही. जळवेच्या पाठीच्या स्नायूची एक बारीक पट्टी काढायची. ती काचेच्या नळीत मिठाच्या पाण्यात टांगायची. वरच्या टोकाला दोरा, दोऱ्याला एक हलकी काडी, आणि काडीचे टोक काजळी धरलेल्या कागदाला टेकलेले. कागद एका पिंपावर गुंडाळलेला आणि पिंप सावकाश फिरणारे. पाण्यात औषधाचा थेंब पडला की पट्टी आखडते, काडी उचलली जाते आणि काळ्या कागदावर पांढरी टेकडी उमटते. पिंप उद्यमनगरातल्या एका लेथवाल्याने करून दिले होते. चावी जुन्या ग्रामोफोनची होती आणि काडी शाळूच्या चिपाडाची. पहिल्या दिवशी पिंप ग्रामोफोनच्या वेगाने फिरले आणि काजळी भिंतभर उडाली. सर म्हणाले, "शास्त्रीबुवा, आज जळवेनं ताना घेतल्या."

थेंब कशाचा? तर एका रसाचा. आपल्या अंगात ज्ञानतंतूचे टोक आणि स्नायू यांच्यामध्ये थोडी फट असते. त्या फटीतून निरोप विजेने जात नाही, रसाने जातो. त्या काळी परदेशात यावरून मोठी भांडणे चालली होती. कोणी म्हणत वीज, कोणी म्हणत रस. सरांचा प्रश्न या भांडणाच्याही मागचा होता. हा रस आला कुठून? आधी तंतू झाले आणि मग त्यांना रस सुचला, की रस आधीच होता? एकाच पेशीचे जे जीव असतात, ज्यांना तंतू नावाचे काही नाहीच, त्यांच्यातही हा रस सापडल्याचे त्यांनी कुठल्याशा मासिकात वाचले होते. तेव्हापासून त्यांचे उत्तर ठरले होते. ते सिद्ध करायचे एवढेच बाकी होते.

या रसाला मराठी शब्द हवा म्हणून ते माझ्याकडे आले. मी 'दूत' सुचवला. म्हणाले, "दूत फार बोलतो." मी 'संदेशवाहक' म्हटले. म्हणाले, "एवढा शब्द उच्चारेपर्यंत जळू आखडून सैलसुद्धा झाली." मी कोश उघडून बसलो होतो, तेवढ्यात खाली बोळात कोणीतरी ओरडले, "ओ दत्तू, तालमीतनं सांगावा आलाय, वस्ताद बलीवत्यात!" सर उठून उभे राहिले. "सांगावा," ते म्हणाले. "मिटवा तो कोश."

तेव्हापासून 'सांगावा जुना, तार नवी' हे त्यांचे ब्रीदवाक्य झाले. तार म्हणजे ज्ञानतंतू. वर्गात, रस्त्यात, लग्नाच्या पंगतीत ते हेच म्हणत. एकदा पोस्टात तार करताना त्यांनी खिडकीतल्या कारकुनाला विचारले, "ही तार पुण्यापर्यंत तारेनं जाते. पण तारेतून थेट घरात शिरते का?"

"घरात कशी शिरंल? शिपाई न्हेऊन देतो की सायकलवरनं."

"म्हणजे तार कितीही लांब असो, शेवटच्या फटीत सायकलवरून माणूसच येतो?"

"व्हय."

सरांनी त्या कारकुनाचा हात खिडकीतून ओढून घेऊन हातात धरला. मागे रांग वाढत होती. मागचा एक जण म्हणाला, "मास्तर, तार करा न्हायतर त्येला घरला घिऊन जावा!"

खोलीत जळवा आहेत ही बातमी गावात पसरायला वेळ लागला नाही. गळू झालेले, पाय सुजलेले, डोळ्यावर रांजणवाडी आलेले लोक खोगीरखान्याच्या दारात येऊन बसू लागले. सरांनी दारावर पाटी लावली : 'येथे जळवा लावून मिळणार नाहीत.' गर्दी दुप्पट झाली. कागलहून आलेल्या एका म्हाताऱ्याला सरांनी विचारले, "बाबा, बाहेरची पाटी वाचली नाही का?"

"वाचली की. वाचूनच तर आत आलो. गावात दुसऱ्या कुठंबी जळवांची पाटी न्हाय."

याच गर्दीतून दत्तू पैलवान आत आला. बोळाच्या टोकाला तालीम होती आणि दत्तू तिथला नावाजलेला गडी. कुस्तीत कान चिरडून त्यात रक्त साकळते आणि कानाचे वडे होतात. जुने वस्ताद त्यावर जळू लावत. दत्तूचा डावा कान तेव्हा आंब्याएवढा झाला होता.

"सर, एक जळू द्या. कान उतरला की परत आणून देतो."

"नाही देता येत, पैलवान. या जळवा उपाशी ठेवाव्या लागतात. चार-चार महिने नुसत्या पाण्यावर. पोट भरलेली जळू सैल पडते. तिच्या स्नायूला मग काही सांगून ऐकू येत नाही."

"आमच्या वस्तादांचंबी ह्येच म्हननं हाय," दत्तू म्हणाला, आणि दाराशी बसून राहिला. जळू मिळाली नाही, पण त्याला ती खोली आवडली. सकाळची जोर-बैठक संपली की तो येऊन बसे आणि काडी हलण्याची वाट पाही. सर त्याला समजावून सांगत, की जळवेच्या, गांडुळाच्या आणि त्याच्या अंगात सांगावे तेच आहेत.

"गांडुळात आन् माझ्यात सारकंच हाय म्हंता?" पहिल्या दिवशी तो चिडला होता. महिनाभरात तो तालमीत पोरांना सांगू लागला, "आरं, ह्यो रस लई जुना हाय. जळू, गांडूळ आन् मी, आमी एका घरान्याचं."

एका मोठ्या कुस्तीच्या आधी त्याने नळीतले पाणी प्यायला मागितले. सर म्हणाले, "पोटात जाईपर्यंत मोडेल ते. सांगावा पोचला की मोडायचा असतो, पैलवान. अंगात ती व्यवस्था असते. मोडला नाही तर आवळलेली मूठ आवळलेलीच राहील. घास कसा घ्याल?"

दत्तूने विचार केला. "मग ऱ्हाऊ द्या," तो म्हणाला. "जेवान ऱ्हायलं तर कुस्ती जिकून काय करू?"

सरांच्या मनात एक भिंत होती. खोगीरखान्याची लांबची भिंत त्यांनी मुद्दाम मोकळी ठेवली होती. तिच्यावर एका ओळीत काजळीचे कागद लावायचे. सुरुवातीला जळू, मग गांडूळ, गोगलगाय, खेकडा, आणि अगदी शेवटी माणूस. माणूस म्हणजे दत्तू. एकच रस, एवढे जीव, एवढ्या टेकड्या. पाहणाऱ्याला सांगावा किती जुना आहे ते चालत चालत कळले पाहिजे. दत्तूचा कागद त्यांनी आधीच घेऊन पाहिला. काडीचा दोरा त्याच्या बोटाला बांधला आणि म्हणाले, "हळूच बोट वाकवा." दत्तूने हळूच वाकवले. काडी, दोरा, पिंप आणि टेबलाचा एक पाय एवढे खाली आले.

खेकड्यांसाठी ते शिंगणापूरच्या बाजूने येणाऱ्या एका बाईकडे जात. टोपलीत वाकून एकेक खेकडा ते कानाशी धरत. बाई म्हणायची, "ओ पावणं, भाजीला न्हेताय का गानं ऐकताय?" खेकड्याच्या हृदयावर तो रस टाकला की हृदय जोरात धावू लागे. आपल्या हृदयावर तोच रस पडला की ते मंदावते. हे पाहून मी गोंधळलो होतो. एकच सांगावा आणि दोन अर्थ कसे?

"शास्त्रीबुवा," सर म्हणाले, "कोल्हापुरात जी शिवी घालून आपण मित्राला मिठी मारतो, ती पुण्यात घालून पाहा. कोर्टात जावं लागेल. शब्द तोच असतो. ऐकणारा बदलतो."

माझ्या सगळ्या व्याकरणात मला इतके सोपे कोणी सांगितले नव्हते.

आता वहिनींबद्दल. वहिनी म्हणजे सरांच्या पत्नी. कोणाला उपाशी जाऊ न देणे हा त्यांचा धर्म होता. त्यांच्या दारात उभे राहून पत्ता विचारणाऱ्यालासुद्धा आधी गूळपाणी आणि मग पत्ता मिळे. स्नायूची पट्टी काढायची म्हणजे जळू जिवानिशी जाते, हे सरांनी त्यांना कधीच सांगितले नव्हते. सरांनी सांगितले होते, की जळू लिहिते. काजळीच्या कागदावरच्या टेकड्या त्यांनी घरी आणून दाखवल्या होत्या. जळवा कमी कशा होतात असे वहिनींनी विचारले तेव्हा ते गडबडले आणि म्हणाले, "पास झाल्या की रंकाळ्यात सोडतो त्यांना."

वहिनींना ते पूर्ण पटले. कॉलेजात दुसरे काय चालते?

"भाऊजी, अक्षर काय वळणदार आहे हो एकेकीचं!" त्या मला म्हणाल्या होत्या. "नाहीतर आमच्या ह्यांचं."

एवढे सगळे चालले असताना कॉलेजात टायपिंगचा वर्ग काढायचे ठरले. प्रिन्सिपॉलसाहेब वाईट माणूस नव्हते. टायपिंग शिकलेल्या मुलाला नोकरी लागते, जळवेला लागत नाही, एवढेच त्यांचे म्हणणे होते. शेवटी असे ठरले की विद्यापीठाची कमिटी येणारच आहे, तिच्यासमोर सरांनी प्रयोग करून दाखवावा. कमिटीने हे संशोधन म्हणून मान्य केले तर खोली सरांकडे राहील. नाही केले तर टाइपरायटर आत येतील. भिंतीवर तोवर जळू आणि गांडूळ लागले होते. गोगलगाय अर्धी झाली होती.

कमिटीच्या आदल्या आठवड्यात प्रिन्सिपॉलसाहेबांनी सगळ्या कॉलेजला चुना द्यायचे फर्मान सोडले. खोगीरखान्यालाही. चुन्याच्या वासाने जळवा मरतात. सर बरणी छातीशी धरून घरी घेऊन आले आणि माजघरात देवळीत ठेवली. होत्या तेवढ्या सगळ्या जळवा त्याच बरणीत होत्या, चार-पाच महिन्यांच्या उपाशी, दोऱ्यासारख्या बारीक झालेल्या. रंकाळ्यातून ऐनवेळी ताज्या आणून उपयोग नव्हता. त्या म्हशींवर पोसलेल्या असतात.

सोमवारी संध्याकाळी सर डोळ्यांच्या एका डॉक्टरांकडे थेंब आणायला गेले. काचबिंदूला घालतात ते थेंब नळीतल्या पाण्यात घातले, की सांगावा लवकर मोडत नाही आणि टेकडी चांगली उमटते. डॉक्टर बोलघेवडे होते. सरांना यायला उशीर झाला.

मधल्या वेळात जे झाले ते मला दत्तूकडून कळले. तो उजव्या कानाचे रडगाणे घेऊन आला होता. यावेळी उजव्याची पाळी होती. वहिनी बरणीपुढे पाट मांडून बसल्या होत्या.

"दत्तू, उद्या यांची परीक्षा आहे रे," त्या म्हणाल्या. "मोठी. पुण्याची माणसं यायची आहेत. आणि ह्या चातुर्मासापासून पाण्यावर. परीक्षेला जाणाऱ्या पोराच्या हातावर आपण दहीसाखर तरी घालतो की नाही?"

"घालतो की."

"मग यांना उपाशी कसं धाडायचं?"

"दही खात न्हाईत त्या, वैनी."

"ते मला ठाऊक आहे," असे म्हणून वहिनींनी त्याच्या कानाकडे पाहिले.

पैलवानाने सदरा काढला. वहिनींनी पाटाभोवती रांगोळीची रेघ ओढली. कानाला दोन आणि बाकीच्या पाठीवर, अशी जळवांची पंगत बसली. त्या पोट भरून आपोआप गळून पडेपर्यंत वहिनी वारा घालत होत्या. कोणाला, ते दत्तूला नक्की सांगता आले नाही. नंतर त्यांनी सगळ्यांना स्वच्छ पाण्यात ठेवून बरणीवर ओले फडके बांधले आणि दत्तूला दूध दिले. दत्तूचा कान उतरला. घरात सगळे खूष होते.

मंगळवारी सकाळी बरणी धरायला म्हणून मी सरांबरोबर टांग्यात होतो. खोगीरखान्यात चुन्याच्या ताज्या वासात सरांनी फडके सोडले. आत पाहिले. पुन्हा पाहिले. जळवा तळाशी पडल्या होत्या, कोवळ्या वांग्यांसारख्या फुगून, चकचकीत. एकही हलत नव्हती.

तेवढ्यात दारातून दत्तू आत आला. फेटा बांधून आला होता. "कशा झाल्यात बगा टुमटुमीत!" तो म्हणाला. "काल वैनींनी पारनं केलं त्येंचं. माझ्याच पाठीवर." आणि त्याने सगळी हकीकत सांगितली, दहीसाखरेसकट.

सर ऐकत होते. मी त्यांच्या नाकाकडे पाहत होतो. काजळीचे बोट अजून लागायचे होते. हकीकत संपल्यावर ते म्हणाले, "पैलवान, हे कोणाला सांगायचं नाही. कमिटीला नाही आणि घरी तर मुळीच नाही. तिच्या हातून काही चूक झाली आहे, असं तिला कळता कामा नये."

"चूक झाली व्हय, सर?"

"शपथ घ्या."

दत्तूने मारुतीची शपथ घेतली. मग त्याला खात्री वाटेना म्हणून त्याने तोंडावर हात ठेवला आणि तो हात संध्याकाळपर्यंत काढला नाही.

प्रिन्सिपॉलसाहेब आले. मामला पाहून घाबरले. "हेरवाडकर, गेल्या महिन्याचा एखादा कागद गुंडाळा पिंपावर. कोणाला कळतंय?"

"जळवेला कळेल," सर म्हणाले.

"मग गांडूळ घ्या!"

"कार्यक्रमपत्रिकेत जळू छापली आहे साहेब. तुम्हीच छापली."

कमिटीत तिघे होते. अध्यक्ष जाड चष्म्याचे, पांढऱ्या कोटाचे. आल्या आल्या त्यांनी जेवणात आधी पांढरा रस्सा असतो की तांबडा, याची चौकशी केली. मग त्यांची नजर दाराशी फेटा बांधून, तोंडावर हात धरून उभ्या असलेल्या दत्तूवर गेली.

"हे कोण? तुमचे मदतनीस?"

दत्तूने मान हलवली. होय की नाही, ते कळले नाही.

"बोलता येत नाही का यांना?"

"आज नाही," सर म्हणाले.

त्यांनी जळू उचलली, टोपी काढून ठेवली आणि पट्टी कापली. पट्टी कापताना ते नेहमी टोपी काढत. नळी भरली, काडी लावली, पिंपाला चावी दिली. पट्टीला स्थिरावायला वेळ दिला. डोळ्यांचे थेंब घातले. मग रसाचा थेंब. पिंप फिरत होते. काडी काळ्या कागदावर पांढरी रेघ ओढत होती. रेघ सरळ होती. दुसरा थेंब. रेघ सरळ. अध्यक्षांनी चष्मा काढला, पुसला, घातला. रेघ सरळच होती, इतकी सरळ, की मला एरवी पट्टी लावूनही तशी ओढता आली नसती.

"हे काय?" अध्यक्ष म्हणाले.

"आजचं उत्तर."

"सरळ रेघ?"

"आज सरळ रेघ. जळवा उपाशी असाव्या लागतात. या भरलेल्या आहेत. त्यांच्यावर लक्ष ठेवणं माझं काम होतं."

"कोणी भरवल्या?"

दाराकडून एक दबका हुंकार आला. सरांनी तिकडे पाहिले नाही. "मीच," ते म्हणाले.

"तुम्ही? प्रयोगाच्या आदल्या दिवशी? कशासाठी?"

सरांना खोटे बोलायची सवय नव्हती. एक खोटे बोलून झाले होते आणि दुसरे तयार नव्हते. त्यांनी टोपी उचलली, पुन्हा खाली ठेवली. मग म्हणाले, "त्यांची परीक्षा होती साहेब. परीक्षेला कोणी उपाशी जातं का?"

पिंपाची चावी संपत आली होती. ते कुरकुरत थांबले. अध्यक्षांनी प्रिन्सिपॉलसाहेबांकडे पाहिले आणि प्रिन्सिपॉलसाहेबांनी चुना दिलेल्या भिंतीकडे. दत्तूच्या डोळ्यांतून पाणी वाहत होते आणि ते पुसायला एकच हात मोकळा होता.

कमिटी जेवायला गेली. तिच्या अहवालात काय होते ते मी वाचले नाही, पण कॉलेजात जे पसरले ते असे : माणूस सज्जन आहे, थोडी विश्रांती द्यावी.

संध्याकाळी वहिनी दारातच उभ्या होत्या. "झाली का परीक्षा?"

"झाली."

"मग?"

"सगळ्या पास," सर म्हणाले.

"बघा! मी म्हटलं नव्हतं?" वहिनींनी आत जाऊन साखरेची वाटी आणली. माझ्या हातावर साखर घातली, दत्तूच्या हातावर घातली, बोळात खेळणाऱ्या पोरांच्या हातांवर घातली. "सगळ्याच्या सगळ्या पास झाल्या हो आमच्या!" दत्तूने साखर तोंडात टाकण्यासाठी तोंडावरचा हात पहिल्यांदा काढला.

पास झालेल्यांना सोडणे भागच होते. सर आणि मी रंकाळ्यावर गेलो. पायरीवर बसून त्यांनी बरणी आडवी धरली. जळवा एकेक करून जडपणे निघाल्या, लग्नाच्या पंगतीतून उठल्यासारख्या. एक मात्र तळाला चिकटून राहिली. सरांनी बरणी हलवली, टिचकी मारली. ती सुटेना. ती बारीकच होती. पंगतीत तिला जागा मिळाली नसावी आणि सकाळी फुगलेल्यांच्या खाली ती आम्हाला दिसली नसावी.

"हिचा निकाल राखून ठेवू," सर म्हणाले, आणि बरणी परत घेऊन आले.

खोली गेली. खोगीरखान्यात टाइपरायटर आले. सरांच्या खोलीची जुनी चावी पुढे कितीतरी दिवस त्यांच्या कोटाच्या खिशात असे. हात सवयीने तिच्याकडे जाई आणि दाराशी गेल्यावर परत येई. भिंत पुरी झाली नाही. जळू आणि गांडूळ उतरवून त्या जागी बोटे कोणत्या अक्षरावर ठेवायची त्याचा तक्ता लागला. कधीकधी सर बाहेरच्या कट्ट्यावर बसून आतली टकटक ऐकत. मी विचारले, तर म्हणाले, "एवढी बोटं, एवढे सांगावे. एकही माझ्या कागदावर नाही."

एवढेच. तक्रार म्हणून मी त्यांच्या तोंडून ऐकलेले हे एकच वाक्य.

काही वर्षांनी मी धीर करून विचारले, "तुम्हाला राग नाही आला?"

"आला की. मंगळवारी सकाळी, फडकं सोडलं तेव्हा. चांगला मुठी आवळण्याइतका आला."

"मग?"

"पोचला. पोचलेला सांगावा मोडायचा असतो, शास्त्रीबुवा. नाहीतर घास कसा घेणार? घरी ती ताट वाढत होती संध्याकाळी." आणि पुढे म्हणाले, "त्या जळवांना आम्ही कापलं, ताणलं, टांगलं. जन्मात एकदा कोणी त्यांना पाट मांडून जेवायला वाढलं. ते चुकलं, असं मी कोणत्या तोंडानं सांगू?"

त्यांना मी शेवटचे पाहिले ते रंकाळ्यावरच. उन्हाळ्याची सुट्टी लागली होती. उत्तरपत्रिका तपासायला मी दुसऱ्या दिवशी साताऱ्याला निघणार होतो. संध्याकाळी सर पायरीवर धोतर गुडघ्यापर्यंत वर घेऊन, पाण्यात पाय सोडून बसले होते. शेजारी म्हशी डुंबत होत्या. मी जवळ गेलो तेव्हा त्यांनी ओठांवर बोट ठेवले आणि खाली दाखवले. त्यांच्या घोट्याला एक जळू लागली होती.

"काढू का?" मी घाबरून विचारले.

"छे. जुनी विद्यार्थिनी दिसतेय. ओळख दाखवायला आली आहे." ते मन लावून तिच्याकडे पाहत होते. "जेवू द्या. होईल तिचं, मग मी येतोच मागनं. तुम्ही व्हा पुढे."

मी पुढे झालो. वळून पाहिले तेव्हा ते तसेच बसले होते, एक पाय पाण्यात, एक पाय वर, आणि एक म्हैस मान वळवून त्यांच्याकडे पाहत होती.

साताऱ्याला तार आली. तारवाला सायकलवरून आला. त्याने सायकल भिंतीला टेकवली, घाम पुसला, सही घेतली. शेवटच्या फटीत माणूसच येतो. तार वाचून झाल्यावरही मी त्याच्याकडे पाहत राहिलो, कारण पाहायला दुसरे कोणी नव्हते. पोचलेला सांगावा मोडायचा असतो, हे मला माहीत आहे. वर्ष होत आले. अजून माझ्याच्याने ते होत नाही. तो मोडायला कुठले थेंब लागतात ते सर जाणत, मी नाही.

वहिनी आता भावाकडे हुपरीला राहतात. जाण्यापूर्वी त्या बरणी घेऊन माझ्याकडे आल्या होत्या. "भाऊजी, हिला काही पास व्हायचं जमलं नाही. इतकी वर्षं इथंच राहिली बिचारी. ह्यांचा जीव होता हिच्यावर." त्या जिन्यापर्यंत गेल्या आणि परत आल्या. "हिला उपाशी ठेवू नका. त्या दिवशी मी जेवू घातलं म्हणून तर बाकीच्या निघाल्या."

मी म्हणालो, "होय वहिनी."

बरणी माझ्या खिडकीत आहे. तिच्यात एक जळू आहे. पाणी मी एक दिवसाआड बदलतो. दत्तू पैलवानाने कुस्ती सोडली आहे, पण पूर्वीसारखाच वर्षातून दोनदा तो येतो, सदरा काढतो आणि पाटावर बसतो.